आधी पोट तपासू द्या
जिल्हाधिकारी, गोंदिया यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
गोंदिया



जिल्ह्यातल्या बोगस डॉक्टरांचा शोध घेणारी समिती आपल्या अध्यक्षतेखाली बसते, म्हणून हे पत्र आपल्याला. आरोग्याचा विषय असताना जिल्हा शल्यचिकित्सकांना का लिहिलं नाही, असं आपल्याला वाटेल. विषय अर्धा आरोग्याचा आहे आणि अर्धा दुकानदारीचा. या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात, ते टेबल आपलं.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीचा मोठा भाग सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत गेला. निवृत्त सिस्टर गल्लीत राहायला असली की तिचं घर म्हणजे बिनपैशाची ओपीडी होते. पूर्वी बायका टाक्यांबद्दल, बाळाच्या तापाबद्दल, सासूच्या शुगरबद्दल विचारायच्या. गेल्या काही वर्षांत नवा प्रश्न येऊ लागला आहे. "काकू, चरबी काढायला नागपूरला जाऊ का जी, की इथंच मशीन लावून घेऊ?" विचारणारी कधी लग्न ठरलेली मुलगी असते, कधी दुसऱ्या सिझरनंतर पोट सुटलेली शिक्षिका. पुरुषही असतात, पण ते स्वतः येत नाहीत, बायकोला पाठवतात. हातात मोबाइल, मोबाइलवर जाहिरात. कापाकापी नाही, टाके नाहीत, भूल नाही, तासाभरात घरी. आणि खाली हप्त्यांची सोय.

हे सगळं ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आरशात पाहून स्वतःला बरं वाटावं ही इच्छा मुंबईच्या बाईला शोभते आणि आमगावच्या बाईला शोभत नाही, असं कुठं लिहिलेलं नाही. शिवाय यात नुसती हौस नसते. पोटाचे स्नायू सैल पडलेल्या बाईला रोवणीत दिवसभर वाकून उभं राहायला सांगा, मग कंबर का धरते ते कळेल. सरकारच्या वहीत मात्र ती हौसच आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या अधिसूचनेत आरोग्यसेवेला करमाफी मिळाली, त्यातून सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा असेल तेवढीच सूट. आरोग्य विम्याच्या पॉलिसीतही साधारण अशीच अट. म्हणजे हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. नळीनं चरबी ओढून काढायच्या लायपोसक्शनचा खर्च लाखाच्या आगेमागे सहज जातो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या हिशेबानं एक लाख म्हणजे ४२ क्विंटल धान. एवढं धान देऊन काय घेतलं जातं, हे घेणाऱ्याला नीट कळावं इतकीच माझी मागणी. ती पुरी करायला आपली मदत लागेल.

मुळात बायकांना पडलेला प्रश्न चुकीचा नाही. तो जिथं विचारला जातो ती जागा चुकीची आहे. ज्याच्याकडे यंत्र आहे तो यंत्रच सुचवणार आणि ज्याच्याकडे ओटी आहे तो ओटी. या दोघांच्या आधी एक पायरी असते आणि आपल्याकडे तीच गळालेली आहे. पोटाला हात लावून तपासण्याची पायरी.

ती तपासणी अशी. बाईला पाठीवर झोपवायचं, गुडघे दुमडायला सांगायचे आणि मान उचल म्हणायचं. बेंबीच्या वरखाली मधोमध उभा उंचवटा आला आणि बोटं दोन स्नायूंमधल्या फटीत शिरली, तर त्रास चरबीचा नाही. गर्भारपणात ताणले जाऊन एकमेकांपासून दूर गेलेल्या स्नायूंचा आहे. मग खोकायला सांगायचं. बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यांच्या जागी बोटाला धक्का लागला तर तो हर्निया. मग चिमटीत धरून पाहायचं. चांगला जाड थर आला तर ती कातडीखालची चरबी. नुसती सैल, पातळ घडी आली तर ती कातडी. आणि चिमटीत काहीच येत नाही, पोट मात्र टणक आणि पुढं आलेलं, तर चरबी आत आहे, आतड्यांभोवती. पाच मिनिटांचं काम. याला यंत्र लागत नाही, एसी खोली लागत नाही, पुस्तकाएवढं जाड माहितीपत्रक लागत नाही. शिकलेला हात लागतो.

या पाच मिनिटांत निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो. राइस मिलच्या गल्ल्यावर बसून ज्यांची ढेरी पुढं आली आहे अशा बहुतेक पुरुषांची चरबी आतली असते. तिच्यापर्यंत लायपोसक्शनची नळी जात नाही, कुणाचं गोठवणारं किंवा तापवणारं यंत्रही पोचत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास ओटीतल्या आम्हा लोकांना आवर्जून सांगितला जायचा. लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची किलोच्या हिशेबात चरबी शस्त्रक्रियेनं काढली, आणि तरी त्यांची साखर, इन्शुलिन, रक्तदाब यांत काही फरक पडला नाही. कातडीखालची चरबी गेली, रोग करणारी आतली तशीच राहिली. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की डॉक्टर सावध होतात, ते याच आतल्या चरबीमुळं. तिच्यावर उपाय चालण्याचा, ताटाचा, आणि गरज असेल तर औषधाचा. मार्च २०२५ पासून भारतात वजन घटवणारं मोंजारो मिळू लागल्यावर त्या औषधाचीही चौकशी माझ्या ओसरीवर होऊ लागली आहे. त्याबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. गृहस्थांनी मात्र यंत्राखाली झोपण्याचे पैसे वाचवावेत.

कातडी सैल असेल तर गोष्ट वेगळी. वजन भराभर कमी झालेल्या किंवा जुळ्यांचं बाळंतपण झालेल्या बाईच्या पोटाची चरबी नळीनं काढली, तर कातडी धान ओतून घेतलेल्या पोत्यासारखी लोंबते. अशा बाईची नुसती चरबी काढली तर वाईटच दिसतं. तिथं लागते ती ॲब्डोमिनोप्लास्टी, ज्याला जाहिरातीत टमी टक म्हणतात. जादा कातडी कापायची, फाकलेले स्नायू मधोमध शिवून जवळ आणायचे, बेंबी नव्या जागी बसवायची. या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत व्रण राहतो; साडीच्या आत लपतो, पण राहतो. संपूर्ण भूल, बहुधा रुग्णालयात मुक्काम, नळ्या, काही आठवडे घट्ट पट्टा, आणि तोवर पाण्याची बादलीही उचलायची नाही. घरी सून एकटी राबणारी असेल तर हा शेवटचा नियम पाळला जाणार आहे का, हे आधी सासरी विचारून घ्यावं. डॉक्टर हा प्रश्न विचारत नाहीत. आणखी मूल हवं असेल तर थांबावं. नुकतं बाळंतपण झालं असेल तर निदान सहा महिने तरी हात लावू नये, शरीर बरंचसं स्वतःच सावरतं. स्नायूंची फट लहान असेल तर फिजिओथेरपिस्टनं शिकवलेल्या व्यायामानंही पुष्कळ फरक पडतो. ते कुणी जाहिरातीत सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं.

म्हणजे यंत्र की सुरी हा खरा प्रश्न उरतो तो थोड्यांपुरता: ज्यांचं वजन बऱ्यापैकी ताब्यात आहे, कातडी ताठ आहे, आणि कंबरेवर, मांडीवर, पोटावर चरबीचा हट्टी थर आहे. त्यांना दोन्ही बाजू सांगायला हव्यात आणि खऱ्या सांगायला हव्यात.

सुरीची बाजू आधी. १९२० च्या दशकात पॅरिसच्या दुजारिए नावाच्या शल्यचिकित्सकानं एका नर्तिकेच्या पोटऱ्या बारीक करायला चरबी खरवडून काढली, धमनीला इजा झाली आणि तिचा पाय कापावा लागला. त्या भीतीतून हे क्षेत्र बाहेर यायला पन्नास वर्षं लागली. १९७० च्या दशकात इटलीतल्या फिशर पितापुत्रांनी आणि फ्रान्समधल्या इलूझनं बोथट नळीनं चरबी ओढून घेण्याची पद्धत बसवली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइननं सलाईनमध्ये लिडोकेन आणि रक्त थांबवणारं ॲड्रेनॅलिन पातळ करून कातडीखाली भरायची युक्ती काढली. रक्तस्राव एकदम उतरला. आज एकच बैठक, खरा फरक आणि काढलेल्या पेशी परत येत नाहीत; हा सुरीचा फायदा. उरलेल्या पेशी मात्र खाण्यानं फुगतात, ते कुणी थांबवू शकत नाही. तोटेही खरेच. लिडोकेनला वजनानुसार मर्यादा असते, ती ओलांडली तर हृदयावर येतं. एका वेळी पाच लिटरांच्या वर काढलं की ती मोठी शस्त्रक्रिया. रात्रभर रुग्णालयात लक्ष ठेवायला हवं. पायात रक्ताची गुठळी होऊन फुप्फुसात जाणं, चरबीचे कण रक्तात शिरणं, नळी हर्नियातल्या आतड्यात घुसणं हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड अभिनेत्री चेतना राज चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वारली. २१ वर्षांची होती. तिच्या बातमीनंतर माझ्याकडे येणाऱ्या बायका सुरीला भ्यायल्या आणि सगळ्या यंत्राकडे वळल्या.

यंत्रांचा जन्म गमतीदार आहे. १९७० मध्ये दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की आइसकांडी गालात धरून चोखणाऱ्या बाळाच्या गालातली चरबी सुजते आणि विरते, कातडीला मात्र काही होत नाही. त्यावरून हार्वर्डच्या मॅनस्टीन आणि अँडरसन यांनी थंडीनं चरबीच्या पेशी मारायची पद्धत काढली. २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कंबरेच्या बाजूंसाठी तिला परवानगी दिली. याच्या शेजारी रेडिओ लहरींनी, अल्ट्रासाउंडनं, लेझरनं चरबी तापवणारी यंत्रं आली, आणि चुंबकीय लहरींनी स्नायू आवळवणारी. ही यंत्रं खोटी नाहीत. थंडीच्या यंत्रानं नीट निवडलेल्या माणसात त्या जागेचा थर साधारण पाचव्या ते चौथ्या भागानं पातळ होतो. पण तो दोनतीन महिन्यांत, हळूहळू. बऱ्याच जणांना दुसरी-तिसरी बैठक लागते. प्रत्येक बैठकीचे आणि प्रत्येक जागेचे पैसे वेगळे. सगळ्या बैठका आणि जागा जोडल्या की कधी कधी रक्कम शस्त्रक्रियेच्या जवळ जाऊन पोचते. जाहिरातीत पहिल्याच बैठकीची किंमत लिहिलेली असते.

आणि यंत्र म्हणजे धोका नाही, हेही खरं नाही. कॅनडाची जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिनं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की थंडीच्या उपचारानं तिची चरबी कमी न होता उलट त्याच जागी कठीण होऊन वाढली. कंपनीवरचा तिचा दावा २०२२ मध्ये तडजोडीनं मिटला. हा दुष्परिणाम दुर्मीळ आहे, पण २०१४ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेला आहे. त्याच्यावरचा उपाय बहुधा शस्त्रक्रिया! म्हणजे जिला टाळायचं म्हणून यंत्राखाली झोपावं, तिच्याच दारात. तापवणाऱ्या यंत्रांनी भाजतं. चालवणारा हात अर्धशिक्षित असेल तर जास्त भाजतं. तिसरा प्रकार इंजेक्शनांचा. चरबी विरघळवणाऱ्या डिऑक्सिकोलिक आम्लाला अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. इथं लेबल नसलेल्या कुप्यांतून पोटावर काय टोचलं जातं, ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते, कारण वरचं सगळं पुण्याच्या वाचकालाही लागू आहे. गोंदियाला आणखी तीन गोष्टी लागू आहेत आणि त्या पुण्यात छापलेल्या माहितीपत्रकात नसतात.

एक सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार किती आहे ते आपल्या आरोग्य विभागाला नीट ठाऊक आहे. १ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी थंडीनं, पाणी कमी पडल्यानं, प्राणवायू घटल्यानं कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तवाहिन्या तुंबवतात. आता पाहा, थंडीचं यंत्र शरीराचा एक भाग तासभर गोठवतं. शस्त्रक्रियेत भूल असते, उपवास असतो, रक्त जातं. सिकलसेलच्या रुग्णाची ठरवून केलेली शस्त्रक्रिया म्हटली की आम्ही ओटीत आधी सलाईन, उबदार चादरी आणि रक्ताची सोय पाहायचो. वाहक असलेल्याला सहसा काही होत नाही, पण तो वाहक आहे की रुग्ण हे माहीत तर हवं! थंडीनं रक्त बिघडणारे काही विरळ आजार असलेल्यांनी या यंत्राखाली जाऊच नये, असं ते बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. तरी यंत्र लावण्याआधी सिकलसेलचा रिपोर्ट मागितला, असं सांगणारी बाई मला आजवर भेटलेली नाही.

दुसरा हत्तीरोग. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा त्याचा पट्टा. आशाताई घरोघरी गोळ्या वाटत फिरतात त्या त्याच्यासाठीच. एका पायाची सूज सुरुवातीला किती साधी दिसते, ते आपल्या भागातल्या प्रत्येक नर्सला ठाऊक आहे. "एकच मांडी जाड आहे, बारीक करून द्या" म्हणणाऱ्या मुलीचा पाय चरबीनं जाड आहे की लसीका तुंबल्यानं, हे यंत्र ओळखत नाही. चुकून अशा पायात नळी घातली किंवा तो गोठवला, तर सूज जन्माची होऊन बसू शकते.

तिसरं अंतर. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर, रेल्वेनं दोन तासांच्या आसपास. पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या बाईला आधी गोंदियाच्या किंवा हमरस्त्याच्या गाडीपर्यंत पोचावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पाय लोंबकळत ठेवून चारपाच तास प्रवास म्हणजे गुठळीला आमंत्रण. रात्री धाप लागली, टाक्यातून पाणी वाहू लागलं, तर ज्यानं शस्त्रक्रिया केली तो नागपुरात किंवा रायपुरात. येणार कुठं? गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात. तिथला रात्रपाळीचा डॉक्टर कागद मागतो, आणि बाईजवळ असतं एक रंगीत फोल्डर, ज्यात आधीचा-नंतरचा फोटो आहे, पण किती लिटर काढलं, कोणती भूल दिली, यातलं काहीच नाही. महिन्यातून एकदा जिल्ह्यात येऊन जाणाऱ्या पाहुण्या तज्ज्ञांचंही हेच. रविवारी शस्त्रक्रिया, सोमवारी डॉक्टर गावाबाहेर. माझं त्यांच्याशी भांडण नाही. नागपुरात उत्तम प्लास्टिक सर्जन आहेत, तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तर तो विभागच आहे. पण शस्त्रक्रियेनंतर निदान पहिला आठवडा रुग्णानं डॉक्टरच्या गावात राहावं आणि बाहेर पडताना पूर्ण डिस्चार्ज कार्ड हातात असावं, एवढं तरी जिल्ह्यानं लोकांना सांगायला हवं.

आता कायद्याकडे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूब पाहून कुणी ही कामं करायला पात्र ठरत नाही, इतकं उघड त्यात लिहिलं आहे. चांगलं झालं. पण त्या सूचना डॉक्टरांना. डॉक्टर नसलेल्यांचं काय? महाराष्ट्रात रुग्णालयांवर चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा; २०२१ च्या नियमांत त्याला रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक जोडलं, तेही बरंच झालं. पण तो रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागांचा कायदा आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नाही. परिणाम असा की ज्या खोलीत खाट नाही, नुसती आरामखुर्ची आणि यंत्र आहे, ती खोली आरोग्य विभागाच्या कोणत्याच यादीत येत नाही. दुकान म्हणून ऑनलाइन सूचना दिली की झालं. अंडा-रोलच्या गाडीला अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी लागते, पण माणसाच्या पोटाला शून्याखालची थंडी लावणाऱ्या खोलीला लागत नाही. १९५४ च्या औषधं आणि जादूई उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणा आहे. यंत्राच्या जाहिरातीला तो लागतो की नाही यावर वकील वाद घालत राहतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र सरळ आहे: फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाख रुपयांपर्यंत दंड. आणि पैसे बुडालेल्या बाईला नागपूरला जायचीही गरज नाही, जिल्हा ग्राहक आयोग गोंदियातच आहे. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपली समिती आजवर खेड्यातल्या सलाईन लावणाऱ्या झोलाछाप डॉक्टरांच्या मागे जाते. तिनं एकदा शहरातल्या काचेच्या दारांमागेही जावं. बंद पाडायला नव्हे, आधी नुसतं मोजायला. नगर परिषदा, नगर पंचायतींकडून अशी यंत्रं चालवणाऱ्या जागांची यादी मागवा. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: यंत्र लावण्याआधी माणसाला तपासतो तो नोंदणीकृत डॉक्टर कोण, आणि तो इथं कोणत्या दिवशी असतो? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनं डॉक्टरांची नोंदणी तपासायला आता क्यूआर कोडची सोय केली आहे. तो कोड दारावर लावायला सांगा. उत्तर मिळालं तर त्या जागेनं निर्धास्त धंदा करावा, मीच गिऱ्हाईक पाठवीन. नाही मिळालं तर पुढं काय करायचं ते आपल्याला कायद्यानं ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट पैशाशिवाय होण्यासारखी. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शल्यचिकित्सा विभागानं आठवड्यातली एक दुपार बायकांच्या पोटाच्या तपासणीसाठी ठेवावी, शक्य तर गंगाबाई महिला रुग्णालयाच्या आवारात, कारण बायकांना ते दार ओळखीचं आहे. हर्निया आहे, स्नायू फाकले आहेत, आतली चरबी आहे की कातडी, एवढं कागदावर लिहून द्यावं. सिकलसेलचा रिपोर्ट जोडावा, पाय सुजला असेल तर हत्तीरोगाची तपासणी सांगावी. हर्निया निघाला तर तिथंच शस्त्रक्रिया होईल. बाकी ज्यांना सौंदर्यासाठीच काही करायचं आहे त्यांनी तो कागद घेऊन नागपूर, रायपूर किंवा कोपऱ्यावरच्या एसी खोलीत जावं. सरकारनं सौंदर्यशस्त्रक्रिया करावी अशी माझी मागणी नाही. गरोदर बायका जिल्ह्यात रक्ताची वाट पाहत असताना ती मागणी मलाच पटणार नाही. पण तपासून सांगणं हे सरकारी रुग्णालयाचं जुनं काम आहे.

कुणी म्हणेल, अशा किती बायका असतील, त्यासाठी एवढा खटाटोप? मोजल्याशिवाय मलाही आकडा सांगता येणार नाही. लग्नसराई जवळ आली की माझ्या ओसरीवर गर्दी वाढते, इतकं सांगू शकते.

समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती. मला बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तरी माझी तक्रार नाही. मात्र त्या दिवशी शल्यचिकित्सा विभागातलं कुणीतरी, सिकलसेलचं काम पाहणारं कुणीतरी आणि ग्राहक आयोगाचं कामकाज जाणणारा एखादा वकील टेबलावर असावा. तोवर विचारायला येणाऱ्या बाईला मी पहिल्यासारखंच चटईवर झोपवून मान उचलायला सांगत राहीन आणि यंत्राचे पैसे भरण्याआधी ओपीडीची चिठ्ठी काढायला पाठवीन. तिकडं तिला कोणत्या खोलीत जायचं, हे आपण सांगावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
गोंदिया